गळ्यापासून विणायचा बाळाचा स्वेटर: नमुन्याच्या तुकड्यापासून शेवटच्या बटणापर्यंत

माझ्याकडे विणकाम शिकायला कमी येतात, अर्धवट राहिलेलं दाखवायला जास्त. दिवाळी उलटली की सुरू होतं. पिशवीतून एक बाही निघते, मग दुसरी, ती पहिलीपेक्षा दीड बोट लांब. मग तो ठरलेला प्रश्न: "काकू, बघा की, कुठं चुकलंय?" टाके बघितले तर सुरेख, एकसारखे. चूक हाताची नसतेच बहुतेक वेळा. नमुना न विणता थेट सुरुवात केलेली असते, टाके मोजायचे तिथे मोजलेले नसतात आणि आधी करायचं ते नंतर केलेलं असतं.

म्हणून हा लेख एकाच वस्तूचा आहे: साधारण एक वर्षाच्या बाळाचा, समोरून उघडणारा, गळ्यापासून खाली विणत जायचा रॅगलन स्वेटर, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या वाढीने बाह्या आणि अंग एकत्रच होणारा. अंग आणि बाह्या सुयांवर, बटणपट्टी क्रोशाने. सुलट-उलट येत असेल आणि क्रोशाची साखळी, मुका खांब येत असेल तर एवढ्यावर हा स्वेटर होतो. बारशाला द्यायचा असला तरी वर्षाच्याच मापाने विणा. बारशाच्या बाळाच्या मापाचा स्वेटर विणून, धुऊन, वाळवून हातात येईपर्यंत बाळ त्यातून बाहेर गेलेलं असतं.

१. सामान: दुकानात जाण्याआधी ठरवायचं

लोकर. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत "लोकर द्या" म्हटलं की हातात येते ती बहुतेक ॲक्रिलिक. बाळासाठी ती चालते. रोज धुता येते, टोचत नाही. शंका असेल तर वीतभर धागा स्टीलच्या ताटलीत, चिमट्यात धरून जाळून बघा. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक मणी उरतो. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरगळते. हे मोरीत करा, मुलं लांब ठेवून.

कोल्हापूरच्या थंडीला जाड लोकर नको. आपल्याकडे स्वेटर डिसेंबरच्या पहाटेइतकाच आषाढातल्या ओल्या संध्याकाळी लागतो, आणि जाड स्वेटर पावसात वाळत नाही. मध्यम जाडीची, गुळगुळीत लोकर घ्या. केसाळ, पिसाळ लोकर कितीही मऊ वाटली तरी या वयाला नको, तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात.

या स्वेटरला सुमारे १५० ग्रॅम लोकर लागते. मी २०० घेते. सगळी एकदमच घ्या आणि लोकरीच्या प्रत्येक गुंडीच्या कागदावरचा लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुळवून घ्या. शेड नंबर तोच असला तरी लॉट वेगळा असेल तर रंगात बारीक फरक असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, अंगणात आल्यावर पाठ एका रंगाची आणि पुढा दुसऱ्या रंगाचा दिसतो.

सुया. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्या दुकानातले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. अमेरिकन नंबर उलटे चालतात, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मि.मी. मोबाईलवर अमेरिकन बाईचा व्हिडिओ बघायचा आणि सुई महाद्वार रोडवरून ८ नंबरची आणायची, म्हणजे स्वेटर बाहुलीला होणार. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

लागतील त्या सुया: ७ नंबर (४.५ मि.मी.) फक्त टाके घालायला, ८ नंबरची मध्ये वायर असलेली ८० सें.मी.ची जोडसुई, आणि बॉर्डरसाठी १० नंबर. साध्या सरळ सुयांवर खांद्यापाशी १८० टाके कोंबले तर टोकाकडचे उड्या मारतात, म्हणून वायरची सुई.

याशिवाय ३.५ मि.मी.ची क्रोशाची सुई, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची शिवायची सुई, खुणेसाठी ४ सेफ्टी पिना किंवा रंगीत दोऱ्याची कडी, शिलाईचा गडद दोरा, मोजपट्टी आणि १२ मि.मी.ची ५ चपटी बटणं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर तोही हाताशी ठेवा.

२. नमुन्याचा तुकडा: इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं

८ नंबरवर ३० टाके घाला. पहिल्या ४ सुया, म्हणजे ४ ओळी, सुलट. पुढे एक सुई सुलट, एक सुई उलट, पण दोन्ही कडांचे ३-३ टाके कायम सुलट, म्हणजे तुकडा गुंडाळणार नाही. ४० ओळी विणा, टाके बंद करा.

आता तो धुवा. होय, धुवा. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट वाळवा. जुलैत कोल्हापुरात याला दोन दिवस जातात, पंख्याखाली ठेवूनही. ते दोन दिवस द्या. धुतल्यावर वीण बसते, कधी पसरते. न धुतलेल्या तुकड्याचं माप घेतलं तर ते बाळाच्या पहिल्या धुण्यापर्यंतच खरं असतं.

वाळल्यावर कडा सोडून मधोमध १० सें.मी. मोजा. या लेखातले सगळे आकडे १० सें.मी.त २२ टाके आणि ३० ओळी धरून काढले आहेत.

*तपासा:* तुमचे २४ टाके भरले तर वीण घट्ट आहे, जाड सुई (७ नंबर) घेऊन दुसरा तुकडा विणा. २० भरले तर बारीक सुई (९ नंबर). "दोनच टाक्यांचा तर फरक" असं म्हणू नका. १०८ टाक्यांचं अंग २२ च्या विणीत ४९ सें.मी. होतं आणि २४ च्या विणीत ४५. ते ४ सें.मी. बाळाच्या छातीवर बटणं ताणून दिसतात.

टाके जुळले आणि ओळी थोड्या कमीजास्त असल्या तर चालतं. लांबी मोजपट्टीने सांभाळता येते, रुंदी येत नाही.

तुकडा उसवू नका. शेवटी त्याचं काम आहे.

३. गणित: वहीच्या एका पानावर

वर्षाच्या बाळाची छाती साधारण ४६ सें.मी. असते. बाळ जवळ असेल तर मोजाच, झबल्यावरून, पट्टी सैल धरून. त्यात मोकळीक ५ सें.मी. मिळवली की ५१. यातले २ सें.मी. क्रोशाची पट्टी भरून काढते. राहिले ४९. सें.मी.ला २.२ टाके, म्हणून १०८ टाके. हे अंगाचे.

गळ्याला ५२ टाके घालायचे, त्यांची वाटणी अशी:

पुढा ९ | बाही ८ | पाठ १८ | बाही ८ | पुढा ९

प्रत्येक वाढीच्या ओळीत ८ टाके वाढतात. १६ वेळा वाढ झाली की १८० टाके होतात:

पुढा २५ | बाही ४० | पाठ ५० | बाही ४० | पुढा २५

काखेत दोन्हीकडे ४-४ नवे टाके घातले की अंगाचे २५ + ४ + ५० + ४ + २५ = १०८. वरचा हिशेब जुळला. तुमच्या बाळाचं माप वेगळं असेल तर याच पद्धतीने शेवटापासून मागे या. गळ्यापासून अंदाजाने पुढे जाऊ नका.

हे पान पिशवीतच ठेवा. मोबाईलमध्ये लिहिलेलं गणित विणताना उघडायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि ते कधीच नसतात.

४. गळा

सुमारे १ मीटर धागा सोडून ७ नंबरच्या सुईवर ५२ टाके घाला. जाड सुई मुद्दाम, कारण गळ्याचे टाके घट्ट घालायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते, आणि घट्ट गळा बाळाला लाल वळ उठवतो.

८ नंबरवर या. ४ सुया सुलट.

एक सवय इथे मोडावी लागेल. पुष्कळजणींना प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घ्यायला शिकवलेलं असतं. मफलरला ते छान दिसतं. इथे नको. पुढे याच कडेवर क्रोशाचे खांब बसवायचे आहेत, आणि उचललेल्या टाक्यांची कड निम्म्या गाठींची होते, तिथे हिशेब जुळत नाही. पहिला टाकाही विणाच.

५. खांद्याचा भाग: वाढीच्या १६ जोड्या

सुलटीच्या बाजूने सुरुवात. ९ टाके, खूण, ८ टाके, खूण, १८ टाके, खूण, ८ टाके, खूण, ९ टाके. पहिली वाढ याच ओळीत: प्रत्येक खुणेच्या आधीचा एक टाका आणि नंतरचा एक टाका, दोन्हींत दोन-दोन विणायचे, एकदा पुढून आणि एकदा त्याच टाक्यात मागून. खुणा ४, प्रत्येकीला २ वाढी, एकूण ८.

पुढची ओळ पूर्ण उलट, खुणा फक्त या सुईवरून त्या सुईवर सरकवायच्या. ही झाली एक जोडी. अशा १६ जोड्या, म्हणजे ३२ ओळी.

जोड्या मोजायला मी दोन वाट्या ठेवते. एका वाटीत १६ चिंचोके, जोडी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. पूर्वी फुटाणे ठेवायचे. नात येता-जाता त्यातले उचलायची आणि एक स्वेटर १३ जोड्यांचा झाला.

*तपासा:* ४ थी वाढ झाल्यावर ८४ टाके, ८ वी नंतर ११६, १२ वी नंतर १४८, १६ वी नंतर १८०. इथे थांबून मोजायचंच. एखादी वाढ राहिली असेल तर चारच जोड्यांमागे जावं लागतं. शेवटी १७७ मोजले तर कुठली तीन राहिली ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.

मोजताना नुसते एकूण टाके पुरे नाहीत, पाचही भाग वेगळे मोजा. एका पुढ्यात एक जास्त आणि दुसऱ्यात एक कमी असेल तरी बेरीज बरोबरच येते.

पुढ्याच्या कडा आत गुंडाळत जातील. घाबरू नका, सुलट-उलट विणीचा तो स्वभाव आहे. बटणपट्टी बसली की सरळ होतात.

आधाराचा दोरा, आणि टाका सुटला तर

८ वी जोडी झाली की शिवायच्या सुईत गडद रंगाचा शिलाईचा दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार न्या आणि दोन्हीकडे वीतभर मोकळा सोडा. खुणेच्या पिनांतून मात्र नेऊ नका, त्या अडकतात. दोरा तिथेच राहू दे, विणत पुढे जा. पुढे मोठी चूक सापडली तर सुई काढून बिनधास्त उसवा, दोऱ्यापाशी वीण आपोआप थांबते. मग १० किंवा ११ नंबरच्या बारीक सुईने टाके उचला, आणि पुढची ओळ ८ नंबरने विणा. १६ व्या जोडीनंतर असाच दुसरा दोरा.

टाके परत सुईवर घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. उलटा बसला तर तो टाका पीळ घेतो आणि सगळ्या ओळीत एक तिरकी रेघ दिसते. पाहुण्यांना ती दिसणार नाही. तुम्हाला मात्र रोज दिसेल.

एकच टाका सुटून खाली शिडी पडली असेल तर उसवायचं काहीच कारण नाही. सुलटीची बाजू समोर धरा, क्रोशाची सुई समोरून सुटलेल्या टाक्यात घाला, वरची आडवी दोरी पकडून टाक्यातून ओढा. मग त्याच्या वरची. शिडीच्या पायऱ्या संपेपर्यंत. पायऱ्या खालून वर क्रमाने घ्यायच्या. एक सुटली तर मागच्या बाजूला धागा लोंबतो.

हे मी शिकले ते ऑगस्ट २०१९ च्या पुरात. गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलेलं, वीज नाही, बाहेर जायचं नाही. मेणबत्ती लावून गडद निळ्या लोकरीचा स्वेटर हातावेगळा करायला घेतला, वाटलं वेळ सार्थकी लागेल. वीज आली तेव्हा १४ ओळी खाली सुटलेला टाका दिसला, आणि त्याच्या शेजारी दुसरा. गडद लोकर दिवसाच विणायची, खिडकीशी बसून. रात्रीसाठी फिकट रंग ठेवा.

उसवलेली लोकर वापरता येते, पण तशीच वळणावळणाची विणू नका. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून दांडीवर अडकवून वाळवा. ॲक्रिलिकचे वळसे पाण्याने सगळे जात नाहीत, निम्मे जातात. अशी लोकर दिसत्या पुढ्यात न घालता बाहीत घाला. तिसऱ्यांदा उसवलेला धागा मात्र विरलेला असतो, तो उशीत भरायचा.

६. विभागणी

३२ वी ओळ उलट संपली, सुईवर १८० टाके. आता विणायचं नाही. पाचही भाग वेगवेगळ्या दोऱ्यांवर उतरवा: २५, ४०, ५०, ४०, २५. दोऱ्याची टोकं गाठ मारून ठेवा. भिजलेल्या पोत्यासारखं दिसेल, दिसू दे.

*तपासा:* बाळाचं मापाचं झबलं टेबलावर पसरा आणि हा तुकडा त्यावर ठेवा. गळ्याच्या ४ सुलट ओळी सोडून तिथून काखेपर्यंत सरळ उभं माप १०.५ ते ११ सें.मी. असावं. कमी भरत असेल तर टाके सुईवर परत घेऊन वाढ न करता २ किंवा ४ ओळी साध्या विणा. काख घट्ट राहिली तर स्वेटर मापाचा असूनही बाळ हात घालताना रडतं, आणि तो कपाटात जातो.

७. बाह्या आधी, अंग नंतर

बहुतेकजणी इथे अंग विणायला घेतात. मी तसं करू देत नाही. बाहीची लांबी ठरलेली असते, अंगाची लांबी दोन बोटं कमीजास्त चालते. लोकर कमी पडलीच तर ती अंगात पडू दे. एक बाही पूर्ण आणि दुसरी कोपरापर्यंत, आणि दुकानदार सांगतो तो लॉट संपला. यापेक्षा वाईट काही नाही.

बाहीचे ४० टाके ८ नंबरवर घ्या, नवीन धागा जोडा. सुलट ओळ विणून शेवटी २ टाके नवे घाला, उलट ओळ विणून शेवटी २ नवे. ४४ झाले.

एकूण ४६ ओळी विणायच्या. त्यात ९, १७, २५, ३३ आणि ४१ व्या ओळीत टाके कमी: पहिला टाका विणून पुढचे दोन जोडीने, आणि शेवटी एक टाका उरेपर्यंत विणून त्याच्या आधीचे दोन जोडीने. पाच वेळा दोन-दोन, म्हणजे ४४ चे ३४.

१० नंबरच्या सुईवर या आणि १० ओळी दोन टाके सुलट, दोन टाके उलट अशा विणा. ३४ टाक्यांत सुरुवात दोन सुलटने आणि शेवटही दोन सुलटने होतो. शिवताना दोन्ही कडांचा एक-एक टाका आत जातो आणि उरलेले दोन मिळून पट्टी अखंड दिसते. हा आकडा उगाच ३४ नाही.

टाके बंद करताना सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत, सैल हाताने. मनगट घट्ट होत असेल तर बंद करायला ८ नंबर वापरा.

वायरच्या सुईवर दोन वेगळ्या गुंड्या घेऊन दोन्ही बाह्या एकदमच विणल्या तर लांबीचा वादच उरत नाही. पहिल्या चार ओळी धागे एकमेकांत गुरफटतात आणि वैताग येतो, मग हात बसतो.

८. अंग

सुरू करण्याआधी उरलेली लोकर तोला. क्रोशाची पट्टी आणि शिवण यासाठी २५ ग्रॅम बाजूला काढून वेगळ्या पिशवीत घाला आणि ती विसरून जा.

आता सुलटीच्या बाजूने: पुढ्याचे २५ विणा, ४ नवे टाके घाला, पाठीचे ५० विणा, ४ नवे, दुसऱ्या पुढ्याचे २५. मोजा: १०८. नवे टाके अंगठ्यावर फास करून घातले तरी चालतात, फक्त पहिल्या ओळीत ते लांबट दिसतात.

३६ ओळी, एक ओळ सुलट एक ओळ उलट. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. रंकाळ्यावर संध्याकाळी बाकावर बसून, शेजारणीशी बोलत, न बघता विणता येतो असा एवढाच. नवी गुंडी जोडायची ती कडेला, मध्ये कधीच नाही. कडेची जोड पट्टीत झाकली जाते. गुंडीत कंपनीची गाठ लागली तर तीही कापून कडेला न्या. ती गाठ पाठीच्या मधोमध सोडली तर पाच-सहा धुण्यांत सुटते.

३६ व्या, म्हणजे उलट ओळीत कुठेही दोन टाके वाढवून ११० करा. दोन-दोनच्या पट्टीला दोन्ही पुढे सारखे दिसायला चारने भागून दोन उरतील असा आकडा लागतो. १०८ वरच विणलं तर एक पुढा सुलटने संपतो आणि दुसरा उलटने. मग १० नंबरवर १० ओळी बॉर्डर, आणि बाहीसारखेच टाके बंद.

९. क्रोशाची बटणपट्टी

नावांची चूक आधी निस्तरून घेऊ. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला साधा खांब. पुस्तकात नुसतं "डबल" लिहिलं असेल तर लेखक कुठला ते आधी बघा. इथे सगळे मुके खांबच घालायचे आहेत. खांब घातले तर पट्टी जाळीदार होते आणि बटणाच्या ओढीने लोंबते.

पुढ्याची कड ८२ ओळींची आहे: गळ्याच्या ४, खांद्याच्या ३२, अंगाच्या ३६, बॉर्डरच्या १०. चार ओळींमागे तीन मुके खांब या हिशेबाने सुमारे ६०. ते सारखे पसरायला कडेवर तीन पिना लावून चार समान भाग करा आणि प्रत्येक भागात १५ घाला. नुसत्या नजरेने घालत गेलं की वरच्या भागात दाटी होते आणि खाली विरळ.

*तपासा:* पहिली ओळ झाली की स्वेटर सपाट ठेवा. कड झालरीसारखी लाटा घेत असेल तर खांब जास्त झाले. खालचा कोपरा वर ओढला जात असेल तर कमी. आत्ताच उसवा, एकच ओळ आहे. पाच ओळींनंतर उसवायला मन होत नाही, आणि मग "धुतल्यावर बसेल" असं आपण स्वतःला सांगतो. बसत नाही.

प्रत्येक ओळ उलटताना १ साखळी. दर ओळीला ६० मोजा, कडेचा शेवटचा खांब हमखास सुटतो आणि पट्टी तिरकी होत जाते.

आधी बटणांची बाजू करा, पाच ओळी साध्या. मग काजांची बाजू. तिथे तिसऱ्या ओळीत: ३ मुके खांब, [२ साखळ्या घालून खालचे २ खांब सोडा, ११ मुके खांब] हे चार वेळा, मग २ साखळ्या घालून २ सोडा, शेवटी ३ मुके खांब. काजं पाच, टाके साठ. चौथ्या ओळीत प्रत्येक दोन साखळ्यांवर दोन मुके खांब. विसरलं तर काज फाटल्यासारखं मोठं होतं.

काज बटणाला पुरतं का ते इथेच बटण घालून बघा. किंचित घट्टच हवं, वापरात सैलावतं.

शेवटी गळ्याभोवती, दोन्ही पट्ट्यांची वरची टोकं धरून, मुक्या खांबांची एक ओळ. ओढून घालू नका. गळ्यात नाडी, गोंडा, रिबन काहीही ओवायचं नाही, कितीही गोड दिसलं तरी. बाळाच्या गळ्याशी दोरी नको.

१०. शिवण, टोकं, धुणं, बटणं, याच क्रमाने

बाह्या सुलटीच्या बाजूने शिवा: कडेच्या टाक्याच्या आतली आडवी दोरी एका बाजूची, मग समोरच्या बाजूची, दर तीन-चार टाक्यांनी धागा हलका ओढा. मनगटाकडून काखेकडे जा. काखेत बाहीचे ४ आणि अंगाचे ४ टाके समोरासमोर जोडा. दोन्ही कोपऱ्यांना छोटी भोकं राहतात, उरलेल्या टोकाने ती आवळून घ्या.

धाग्याची टोकं आतल्या बाजूने ८ ते १० सें.मी. एका दिशेला आणि परत थोडं उलट दिशेला ओवा. ॲक्रिलिक निसरडं असतं, एकाच दिशेला ओवलेलं टोक बाहेर येतं. गाठ मारून कापायचं नाही, गाठ बाळाला टोचते.

आता आधाराचे दोरे ओढून काढा आणि स्वेटर नमुन्यासारखाच धुवा. टॉवेलवर पसरून, मोजपट्टीने छाती ५१ आहे ना बघत, हाताने आकार द्या आणि तसाच वाळू द्या. दांडीवर ओला अडकवला तर बाह्या लांब होतात.

*सावध:* इस्त्री टेकवू नका. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की वीण चपटी पडते, चकाकते आणि परत फुलत नाही. एका बाईंनी सगळं उत्तम विणून शेवटच्या पाच मिनिटांत हे केलं आणि माझ्या दारात येऊन बसल्या. त्याला उपाय नाही, माझ्याकडेही नव्हता.

वाळल्यावरच बटणं. आधी लावली तर धुतल्यावर काजांसमोर येतीलच असं नाही. काजांची पट्टी वर ठेवून प्रत्येक काजातून पिन टोचा, पिनेच्या जागी बटण. लोकरीने न लावता शिलाईच्या दुहेरी दोऱ्याने लावा, आणि मागच्या बाजूला कापडाचा छोटा गोल तुकडा ठेवून टाका घ्या म्हणजे वीण फाटत नाही. मग प्रत्येक बटण जोरात ओढून बघा, अगदी दातात धरून ओढल्यासारखं. बाळ तेच करणार आहे, आणि सुटलेलं बटण घशात जातं. एखादं जरी हललं तरी काढून परत लावा.

नमुन्याच्या तुकड्यावर एक जादा बटण टाचा, उरलेली लोकर त्याला गुंडाळा, लॉट नंबरचा कागद आत सरकवा आणि ही पुरचुंडी स्वेटरबरोबरच द्या. रांगायला लागलेल्या बाळाचं कोपर पहिल्याच पावसाळ्यात विरतं.